भाऊंची पत्रे, पंतांचा प्रांत

चंबळ उतरून सदाशिवरावभाऊंची फौज जून 1760 मध्ये गंभीर नदीच्या काठी आली आणि तिथेच बसून राहिली. पावसाने त्या वर्षी घाई केली होती. नदीला उतार मिळेना, तोफांचे गाडे चिखलातून हलेनात, आणि लढणाऱ्यांपेक्षा खाणारी तोंडे जास्त. पुढे यमुना, यमुनेपलीकडे गंगा-यमुनेमधला अंतर्वेद आणि अंतर्वेदीत अहमदशहा अब्दाली. उदगीरला निजामाला नमवून चार-पाच महिनेच झाले होते. त्या विजयाची ऊब अजून अंगात असताना एक साधी नदी भाऊंना पुढे सरकू देत नव्हती.

या मुक्कामावरून, आणि त्याआधी वाटेवरूनही, एका माणसाकडे पत्रामागून पत्रे सुटत होती. गोविंद बल्लाळ खेर, म्हणजेच आपले गोविंदपंत बुंदेले. इटाव्याकडे यमुनेत नावा जमवून ठेवा, म्हणजे फौज पलीकडे उतरवता येईल. अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला तुमचा शेजारी आहे, त्याला आपल्याकडे वळवा, निदान अब्दालीकडे जाऊ देऊ नका. आणि पैसा पाठवा. पत्राचा मायना, मुक्काम, चंद्राची तारीख बदलत जाते. या तीन मागण्या काही बदलत नाहीत. पानिपताच्या साऱ्या कागदांत हा पत्रव्यवहार मला सर्वांत बोलका वाटतो. रणांगणावर काय घडले ते बखरकारांनी रंगवून सांगितले आहे. लढाई रणांगणापर्यंत कशी पोचली, किंवा कशी पोचू शकली नाही, ते या पत्रांत दिसते.

पंत मूळचे रत्नागिरीजवळच्या नेवऱ्याचे. कोकणातून देशावर आले, बाजीराव पेशव्यांच्या पदरी लागले आणि चढत गेले. छत्रसालाने आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा बाजीरावांना दिला, तो 1731 मध्ये त्याच्या मृत्यूनंतर मराठ्यांकडे आला आणि त्याचा बंदोबस्त पाहायला पंतांची नेमणूक झाली. सागर हे त्यांचे ठाणे. तिथला किल्ला आणि शहर यांना रूप आले ते त्यांच्याच काळात. पुढे अंतर्वेदीतले इटाव्याकडचे महालही त्यांच्याकडे आले. बाळाजी आणि गंगाधर हे दोघे मुलगे हाताशी होते. थोडक्यात, नर्मदेच्या उत्तरेपासून यमुनेपलीकडपर्यंत पेशव्यांचा कारभार म्हणजे गोविंदपंत, असा पंचवीसेक वर्षांचा परिपाठ पडला होता. आजच्या भाषेत त्यांना प्रांताचा राज्यपाल म्हणता येईल. फरक एवढाच की आजच्या राज्यपालाला सावकाराकडून कर्ज काढावे लागत नाही.

ही सावकारीची बाजू समजल्याशिवाय पत्रांतला राग कळत नाही. कमाविसदाराला, म्हणजे महालाचा वसूल पाहणाऱ्या अधिकाऱ्याला, महाल मिळे तो आगाऊ भरणा करून. वसूल यायच्या आधीच ठराविक रक्कम सरकारात भरायची, तिला रसद म्हणत. ती उभी करायची सावकाराकडून, व्याजाने. मग पीक निघाले की रयतेकडून आणि जमीनदारांकडून पैसा उगवायचा, त्यातून शिबंदीचा पगार, सावकाराचे व्याज आणि आपला वाटा काढून घ्यायचा. हिशेब पुण्याला द्यायचा. या व्यवस्थेत कमाविसदाराच्या हाताला काही चिकटत नाही असे कोणी मानत नसे. पुण्याचे कारभारी तर मुळीच नाही. पंतांच्या बाकीबद्दल पेशव्यांच्या दरबारात कुरबूर जुनीच होती. आणि ही कुरबूर ज्यांना तोंडपाठ होती ते कारभारी म्हणजे स्वतः भाऊच. रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकरांच्या हाताखाली कारभार शिकलेले, तिशीच्या घरातले, हिशेबाला कडक असलेले चिमाजीअप्पांचे चिरंजीव. उदगीरपूर्वी त्यांची ख्याती तलवारीपेक्षा वहीची जास्त होती.

म्हणून गंभीरेकाठच्या पत्रांत दोन आवाज मिसळलेले आहेत. सेनापती म्हणतो, वेळेवर नावा आणा. कारभारी म्हणतो, तुमच्याकडे सरकारची बाकी आहे आणि ती द्यायला याहून चांगली वेळ कोणती? पंतांच्या कानांना दुसरा आवाज ओळखीचा होता. पुण्याहून तो कित्येक वर्षे ऐकू येत होता आणि त्याला कसे टोलवायचे हेही त्यांना ठाऊक होते. पुढच्या सहा महिन्यांची शोकांतिका बरीचशी यातच आहे. युद्धाची निकड सांगणारे पत्र पंतांनी बहुधा वसुलीचे पत्र म्हणून वाचले.

पण पैसा खरोखर होता का? इथे पंचांग समोर ठेवून बघावे लागते. अंतर्वेदीतला मोठा वसूल रब्बीचा, चैत्र-वैशाखात निघणाऱ्या गव्हावर. 1760 च्या त्या हंगामात अब्दाली अंतर्वेदीतच तळ देऊन होता. जानेवारीत बुराडीच्या घाटावर दत्ताजी शिंदे पडले. मार्चमध्ये मल्हारराव होळकरांच्या फौजेचा सिकंदराबादजवळ धुव्वा उडाला. रोहिल्यांना जोर चढला आणि जमीनदारांनी वारा बघून पाठ फिरवली. ज्या गावात आपले ठाणे टिकत नाही तिथे वसूल कोण देणार? आणि भाऊंची पत्रे आली ती पावसाळ्यात, पेरणीच्या दिवसांत, जेव्हा शांततेच्या वर्षीही रयतेच्या घरात दाणा नसतो. जूनमध्ये रोहिल्यांचा सरदार नजीबखान शुजाच्या भेटीसाठी खाली उतरला तो वाटेवरची मराठी ठाणी उखडतच. इटाव्यापासून बिठूरपर्यंत त्याचे हात पोचले. पंतांचा प्रांत कागदावर होता तेवढा जमिनीवर उरलेला नव्हता. भाऊंच्या पत्रांत या गोष्टीची पुरती जाणीव दिसत नाही. ती कशी दिसावी? त्यांच्या दफ्तरात महालांची यादी होती, आणि यादीत एकही महाल कमी झालेला नव्हता.

याचा अर्थ पंत निर्दोष असा नाही. प्रसंगाला घोड्यावर बसून धावून जाणारा हा माणूस नव्हे, हे आदल्या वर्षीच कळून चुकले होते. 1759 च्या शरदात दत्ताजी शुक्रतालला नजीबखानाला कोंडून बसले असताना त्यांनी पंतांनाच गंगेपार पाठवले होते. नजीबाचा मुलूख मागून जाळा, त्याची रसद तोडा, एवढे काम. पंत गेले, थोडी धामधूम झाली, आणि शुजाकडून अनुपगिर व उमरावगिर हे गोसावी चालून येताच मार खाऊन माघारी फिरले. उतारवय, स्थूल देह, पाठीशी शिबंदीचे लोक. शिंदे-होळकरांच्या पथकांसारखी कसलेली फौज त्यांच्याजवळ कधी नव्हती. ठाण्यांवर बसून वसुलीला धाक देण्यापुरते स्वार होते. भाऊंना हे माहीत नसेल असे नाही. माहीत असूनही पुढे नेमके तेच काम पंतांना सांगितले गेले, कारण यमुनेपलीकडे दुसरे कोणी नव्हतेच.

नावांचे प्रकरण यमुनेच्या पुरात बुडाले. फौज इटाव्याकडून उतरून अब्दाली आणि शुजा यांच्या मध्ये पाचर मारावी, हा भाऊंचा बेत नकाशावर पाहिला तर उत्तमच होता. तो साधला असता तर पुढचे सारे वेगळे झाले असते, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पण नावांचा पूल बांधायचा तर नावा हव्यात, नावाडी हवेत, दोन्ही काठ आपल्या ताब्यात हवेत आणि पाणी बेताचे हवे. यांपैकी शेवटच्या दोन गोष्टी पंतांच्या हातच्या नव्हत्या. पहिल्या दोन होत्या आणि त्यांत ढिलाई झाली, असे म्हणायला जागा आहे. महिना गंभीरेवर गेला. जुलैच्या मध्यावर भाऊ आग्रा-मथुरेकडे सरकले आणि त्याच सुमारास शुजा अनूपशहरला अब्दालीला जाऊन मिळाला.

शुजाच्या जाण्याचा ठपकाही पंतांवर येतो, तो मात्र मला जास्तच वाटतो. नजीबखान स्वतः जातीने गंगाकाठी मेहंदीघाटावर गेला, शुजापुढे बसला, धर्माची आण घातली, वजिरीचे आमिष दाखवले, आणि त्याला बरोबर घेऊनच उठला. आपल्याकडून काय गेले? पत्रे. भाऊंनी थेट शुजाला लिहिले, पंतांकरवी लिहवले, वकील पाठवले. प्रांताच्या कारभाऱ्याने शेजारच्या नवाबाशी गोडीगुलाबीने राहणे वेगळे, आणि दोन पातशाह्यांच्या झुंजीत त्याला आपल्या पारड्यात बसवणे वेगळे. त्यासाठी काय द्यायचे, काय सोडायचे, याचा अधिकार पंतांना कुठे होता? शुजा तिकडे गेल्यावरही भाऊंशी त्याची बोलणी चालूच राहिली. औरंगाबादचा भवानीशंकर मध्ये फिरत होता, आणि शुजाच्या पदरी असलेला काशीराज पंडित पलीकडून हे सारे पाहत होता. त्यानेच पुढे पानिपताची हकीकत फारशीत लिहून ठेवली.

ऑगस्टच्या आरंभी दिल्लीचा किल्ला हाती आला आणि पैशाच्या मागणीला धार चढली. दिल्ली म्हणजे लूट असे पुण्यात कोणाला वाटले असेल. नादिरशहाने, मग अब्दालीने ती आधीच खरवडून नेली होती. शहरात दाणा नाही, वैरण नाही, कर्ज द्यायला सावकार नाही. भाऊंचा तोफखाना सांभाळणाऱ्या इब्राहिमखानाच्या गारद्यांना दरमहा रोख पगार हवा. तो चुकला तर उद्या तोफा कोण चालवणार? शेवटी दिवाण-इ-खासाचे रुप्याचे छत उतरवून नाणी पाडली. सुमारे नऊ लाख रुपये झाले, ते महिनाभर पुरले. भाऊंच्या बाजूने आलेला सूरजमल जाट रुसून गेला त्याला जी कारणे झाली त्यांत हेही एक होते. अशा दिवसांत भाऊंनी पंतांना लिहिलेली पत्रे वाचताना अंगावर काटा येतो. आर्जव आहे, हुकूम आहे, टोमणा आहे, आणि मध्येच उघडी गरज आहे. सरकारची पत करोडोंची आणि सेनापती एका प्रांताच्या कारभाऱ्याकडे दोन-पाच लाखांसाठी तगादा लावतो आहे.

पैसा आला, पण थेंबाथेंबाने. पंतांनी काहीच पाठवले नाही, ही समजूत चुकीची आहे. त्यांच्याकडून रकमा दिल्लीचा बंदोबस्त पाहणाऱ्या नारोशंकरांकडे पोचत होत्या. तिथून त्या छावणीत न्यायच्या. अपुऱ्या होत्या, उशिरा होत्या. हुंडीवर विसंबावे तर अब्दाली जिंकणार की मराठे, याचा अंदाज घेत सावकार हात आखडून बसलेले. युद्धात पत ही पहिल्यांदा आटते. इथे तर ती मागणाऱ्याची आणि देणाऱ्याची, दोघांचीही आटली होती.

ऑक्टोबरात भाऊ उत्तरेला गेले. 17 तारखेला कुंजपुरा घेतला, धान्य आणि पैसा मिळाला, दत्ताजींचा सूड निघाला असे सर्वांना वाटले. पंतांना लिहिलेल्या पत्रांचा सूरही त्या काळात चढा आहे. आणि मग आठ-नऊ दिवसांतच अब्दाली बागपताजवळ यमुना उतरला. जूनमध्ये भाऊंना ज्या नदीवर नावा मिळाल्या नाहीत, ती ऑक्टोबरअखेर अब्दालीने नावांची वाट न बघता, माणसे बुडवत, उतारातून पार केली. नोव्हेंबर उजाडताना दोन्ही फौजा पानिपताजवळ समोरासमोर होत्या, आणि अब्दाली दिल्लीच्या बाजूला. मराठ्यांचा स्वदेशाशी असलेला धागा त्याने कापला होता.

आता पंतांकडची मागणी बदलली. नावा नकोत, शुजा नको. अब्दालीला लागणारा दाणागोटा यमुनेपलीकडून, नजीबाच्या मुलखातून येतो, तो तोडा. रोहिल्यांची गावे जाळा, म्हणजे छावणीतले रोहिले घराकडे बघू लागतील. अंतर्वेदीतले दुसरे कमाविसदार गोपाळराव गणेश बर्वे यांनाही असेच हुकूम गेले: शुजाच्या प्रांतात धुमाकूळ घाला, तिथल्या जमीनदारांना उठवा. नोव्हेंबरातली ही पत्रे आत्मविश्वासाने भरलेली आहेत. अब्दाली कोंडला गेला आहे, त्याच्या लोकांचा धीर सुटला आहे, तुम्ही मागून रेटा दिला की काम फत्ते, असा त्यांचा आशय. उपाशी कोण आधी मरतो, याची शर्यत लागली होती, आणि भाऊंनी आपला डाव ज्या घोड्यावर लावला तो घोडा पंत होते.

नोव्हेंबर जवळजवळ तसाच गेला. पंत निघाले, पण रेंगाळत. या एका महिन्याचा जाब त्यांच्याकडे मागायलाच हवा. 22 नोव्हेंबरला जनकोजी शिंद्यांनी वजीर शहावलीखानाला मागे रेटले होते, मराठ्यांची बाजू अजून वरचढ होती. त्याच वेळी पंत मेरठच्या बाजूला उभे असते तर? डिसेंबरात ते खरोखर वर आले आणि काम सुरू केले. परिणाम झटकन दिसला. अब्दालीच्या छावणीत धान्याचे भाव कडाडले, लोक कुरकुरू लागले; काशीराजाने, म्हणजे शत्रूकडच्या माणसाने, हे नोंदवले आहे. भाऊंनी सहा महिने जे लिहिले ते पहिल्यांदाच अमलात येत होते. पण इकडे 7 डिसेंबरच्या चकमकीत बळवंतराव मेहेंदळे पडले आणि भाऊंचा उजवा हात गेला.

अब्दालीला धोका बरोबर कळला. कारभाऱ्याचा उपद्रव म्हणून त्याने तो सोडून दिला नाही. वजिराचा पुतण्या अताईखान याला ताज्या दमाचे स्वार देऊन यमुनेपार सोडले. अताईखानाने मजल मारून शहादऱ्याचे ठाणे कापले, गाझियाबादेकडचे लोक उधळले, आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात जलालाबादजवळ पंतांच्या तळावर अचानक जाऊन आदळला. गाफील लोक पळत सुटले. पंतांना देहाच्या वजनाने धड पळताही येईना. ते तिथेच मारले गेले. त्यांच्या फौजेची वाताहत झाली आणि अब्दालीकडे धान्याच्या गाड्या पुन्हा येऊ लागल्या.

यानंतरचा हिशेब लहान आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पराशर दादाजी दिल्लीहून खजिना घेऊन निघाले, अंधारात वाट चुकून अफगाणांच्या छावणीत शिरले आणि कापले गेले. 14 जानेवारी 1761 ला भाऊ उपाशी फौज घेऊन बाहेर पडले. पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

पुढचे नव्हे, मागचे सांगायचे आहे. भाऊंची पत्रे आपल्याला वाचायला मिळतात ती विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्यामुळे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड त्यांनी 1898 मध्ये काढला. त्यात या पत्रांचा मोठा भरणा आहे, आणि प्रस्तावनेत पानिपताच्या कारणांची अशी चिकित्सा आहे की तिच्यासारखी मराठीत त्याआधी झाली नव्हती. राजवाड्यांनी पत्रे वाचली, तारखा लावल्या, आणि निकाल दिला: मल्हारराव होळकर आणि गोविंदपंत यांनी घात केला. हा निकाल पुढे शाळेच्या पुस्तकांपासून कादंबऱ्यांपर्यंत झिरपला. आज सरासरी मराठी वाचकाला गोविंदपंत माहीत आहेत ते पैसे न पाठवणारा कामचुकार म्हणूनच.

राजवाड्यांचे ऋण मानूनही एक शंका काढावीशी वाटते. युद्धकाळचा पत्रव्यवहार दोन्हीकडचा असतो. भाऊंची जी पत्रे पंतांच्या हाती पोचली ती पुढे कोणत्या ना कोणत्या दफ्तरात तगली. पंतांची जी उत्तरे भाऊंच्या छावणीत पोचली त्यांचे काय झाले असेल? पानिपताच्या छावणीची 14 जानेवारीनंतर जी लूट झाली, तीत माणसे, बायका, जनावरे, डेरे काहीच वाचले नाही. तिथे मोडीतल्या कागदांच्या गाठोड्याला कोण विचारणार? म्हणजे आपल्यासमोर मुख्यतः फिर्यादीची बाजू आहे. आणि फिर्यादीही कसा? तिशीतला, शूर, अभिमानी, आणि रणात पडलेला. त्याच्याविरुद्ध बोलायला कोणाचीच जीभ उचलत नाही. आरोपीही त्याच युद्धात, त्याच कामावर, चार आठवडे आधी मेला होता हे मात्र आपण सहज विसरतो.

माझे मत असे की पंतांचा गुन्हा आळसाचा आहे, फितुरीचा नाही. आणि त्या आळसाला पोसणारी व्यवस्था पुण्यानेच घडवली होती. ज्याला पंचवीस वर्षे वसुलीसाठी ठेवले, ज्याच्याकडून आगाऊ रक्कम घेऊन ज्याला सावकाराच्या दारात उभे केले, त्याच्या शिबंदीकडून आयत्या वेळी होळकरी गनिमी कावा मागायचा, आणि त्याच वेळी बाकीचा हिशेबही मागायचा. एकच माणूस एकाच महिन्यात मुलूख जाळणार कसा आणि त्याच मुलखातून वसूल आणणार कसा? भाऊंच्या पत्रांत हा प्रश्न कुठे पडलेला दिसत नाही. जो सेनापती इब्राहिमखानाच्या तोफांना कवायती शिस्त लागते हे ओळखत होता, त्याला रसद तोडणारी फौजही वेगळी, कसलेली, स्वतंत्र सरदाराखालची लागते हे गंभीरेकाठी सुचायला हवे होते. एखादे शिंद्यांचे किंवा होळकरांचे पथक पावसाळ्यानंतर यमुनेपार उतरवले असते, तर पंतांनी त्याला वाटाडे, दाणा आणि पैसा निश्चित दिला असता. ते काम त्यांना येत होते.

पेशव्यांनी पंतांच्या घराण्याला टाकले नाही. बाळाजी आणि गंगाधर यांच्याकडे बुंदेलखंडाचा कारभार चालू राहिला, सागर आणि जालौन अशी दोन ठाणी पुढे वाढली. सागर 1818 च्या सुमारास इंग्रजांकडे गेले. जालौनचे संस्थान त्यांनी 1840 मध्ये खालसा केले. राजवाड्यांचा खंड हाती घ्याल तेव्हा प्रत्येक पत्राची तारीख पाहा, त्या तारखेला यमुनेला किती पाणी असेल, शेतात काय उभे असेल आणि इटाव्यात ठाणे कोणाचे असेल हे आधी ठरवा. निकाल त्यानंतर द्या.